बोलता येईल इतका वेग

सुरतेजवळच्या कामरेजमध्ये पायी फिरायला जागा शोधावी लागते. दिल्लीहून अहमदाबाद-मुंबईमार्गे चेन्नईला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ गावाला लागूनच जातो. चार रस्ता या चौकात ट्रक, खासगी बसगाड्या आणि रिक्षा यांची रीघ पहाटेसुद्धा तुटत नाही. मे महिन्यात उजाडल्याबरोबर अंगाला घाम चिकटू लागतो आणि जून लागला की पाऊस. त्यामुळे इथल्या नव्या सोसायट्यांत तळमजल्यावरच्या छोट्या जिममधली ट्रेडमिल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. अनेकांसाठी रोज सलग अर्धा तास चालण्याची तेवढीच एक सोय आहे. विशेषतः बायकांसाठी आणि वयस्कर माणसांसाठी.

इथल्या कामाचं स्वरूपही लक्षात घ्यायला हवं. वराछापासून कामरेजपर्यंतच्या पट्ट्यात हिऱ्यांच्या कारखान्यांवर पोट असलेली हजारो घरं आहेत. रत्नकलाकार हिरे घासायच्या घंटीवर बसतो तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत, मान वाकवून, पाय दुमडून. साडीच्या व्यापारात असलेला माणूस गादीवर किंवा काउंटरमागे असतो. सुरत शहराच्या दुसऱ्या अंगाला, उधना, लिंबायत, पांडेसरा, दिंडोली इथं जळगाव-धुळे-नंदुरबारहून आलेली मराठी माणसं मोठ्या संख्येनं राहतात. त्यांतले लूमच्या खात्यात काम करणारे दिवसभर उभेच असतात. पण उभं राहणं आणि चालणं यांत हृदयाच्या दृष्टीनं पुष्कळ अंतर आहे. दिवसभर बसलेल्या किंवा उभ्या राहिलेल्या शरीराला घेऊन माणूस संध्याकाळी पट्ट्यावर चढतो आणि पहिला प्रश्न विचारतो: स्पीड किती ठेवू?

उत्तरं तयार असतात. कोणी सहा सांगतं, कोणी आठ. शेजारच्या पट्ट्यावरचा तरुण दहावर पळत असतो आणि नकळत आपलंही बोट अधिकच्या बटणावर जातं. माझं मत असं की या प्रश्नाचं दुसऱ्यानं दिलेलं कोणतंही उत्तर बहुधा चुकीचंच असतं. वेग ज्याचा त्यानं शोधायचा असतो. तो शोधायची पद्धत मात्र पक्की आहे, आणि ती कोणालाही अर्ध्या तासात जमते.

या यंत्राचा जन्म तुरुंगातला आहे. विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्यानं १८१८ मध्ये कैद्यांना राबवण्यासाठी पायऱ्यांचं एक मोठं फिरतं चाक आखलं. कैदी ओळीनं उभे राहत आणि पायाखालून सतत निसटणाऱ्या पायऱ्या चढत राहत. चाकाचा वेग सगळ्यांना एकच. म्हातारा, आजारी, धडधाकट, कोणाचीही वेगळी गणना नाही. ऑस्कर वाइल्डसारख्या लेखकानंही १८९५ मध्ये पेंटनव्हिलच्या तुरुंगात ही शिक्षा भोगली. १८९८ च्या कायद्यानंतर इंग्लंडच्या तुरुंगांतून ती हद्दपार झाली.

विसाव्या शतकाच्या मध्यावर हेच यंत्र दवाखान्यात आलं. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांना चालत्या माणसाचं हृदय तपासायचं होतं, कारण पडून काढलेल्या ईसीजीत अनेक दोष दिसतच नाहीत. त्याच विद्यापीठातले अभियंते वेन क्विंटन यांनी १९५२ मध्ये त्यांच्यासोबत वैद्यकीय वापराची ट्रेडमिल तयार केली. ब्रूस यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेली टप्प्याटप्प्याची चाचणी आजही आपल्याकडे टीएमटी म्हणून होते. सुरतेतल्या किंवा जळगावच्या कोणत्याही हृदयरोगतज्ज्ञाकडे छातीत दुखतं म्हणून गेलेल्या माणसाला ती माहीत असते. पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटरचा, १० टक्के चढावर. तीन मिनिटांनी ताशी ४ किलोमीटर आणि १२ टक्के चढ. पुढची तीन मिनिटं ५.५ किलोमीटर आणि १४ टक्के. असंच पुढं. माणूस थकला, ईसीजी बिघडला किंवा रक्तदाब नको तसा वागला की चाचणी थांबते.

या चाचणीत दोन गोष्टी घरी वापरण्याजोग्या आहेत. पहिली, शेवटचा वेग आधी ठरलेला नसतो. तो पायरीपायरीनं वाढवत नेतात आणि शरीर कुठं नको म्हणतं ते पाहतात. दुसरी, प्रत्येक पायरीला तीन मिनिटं दिली जातात. वेग वाढवल्यावर हृदयाचे ठोके नव्या वेगाला स्थिरावायला दोन-तीन मिनिटं लागतात. बटण दाबल्यावर अर्ध्या मिनिटात 'हे तर सोपं आहे' असं जे वाटतं, ते जुन्या वेगाचं हृदय बोलत असतं. पट्ट्यावरच्या बहुतेक चुका या अर्ध्या मिनिटात होतात.

ब्रूस यांच्याकडे ईसीजीच्या तारा होत्या. आपल्याकडे श्वास आहे, आणि निरोगी माणसाच्या रोजच्या व्यायामापुरता तो पुरेसा विश्वासू आहे.

शांत बसलेले असताना आपण मिनिटाला साधारण बारा ते सोळा वेळा श्वास घेतो. बोलताना मात्र श्वास लांबवून, थोडा थोडा सोडावा लागतो. चालण्याचा वेग मध्यम असेल तोवर हे जमतं. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की स्नायूंत तयार होणाऱ्या आम्लाचं प्रमाण वाढतं. रक्तातलं बायकार्बोनेट त्या आम्लाला आवरतं, पण त्या क्रियेत जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बाहेर टाकण्यासाठी मेंदू श्वासाची गती वाढवतो. आता श्वास लांबवणं परवडत नाही. वाक्य मध्येच तुटतं. म्हणजे तुटलेलं वाक्य ही रक्तात काय चाललं आहे याची बऱ्यापैकी नेमकी खूण आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कार्ल फॉस्टर यांच्या गटानं या बोलण्याच्या कसोटीवर पुष्कळ काम केलं. तिथं ते लोकांना शाळेत पाठ झालेली त्यांच्या देशाची प्रतिज्ञा म्हणायला लावत आणि मग एकच प्रश्न विचारत: आरामात बोलता आलं का?

आपल्याला पाठ असलेल्या गोष्टींची काय कमी! शाळेतली प्रतिज्ञा चालेल, बावीसचा पाढा चालेल. मी भीमरूपी सुचवेन. दोन ओळींचा श्लोक, लय ठरलेली, आणि मराठी घरात वाढलेल्या पुष्कळांना आठवायचे कष्ट पडत नाहीत. मोठ्यानं म्हणायची, पुटपुटायची नाही. श्लोक सलग झाला आणि पुढच्यासाठी घाई वाटली नाही तर वेग सोयीचा आहे. श्लोक पुरा होतो, पण मध्ये श्वास चोरावा लागतो, तर तुम्ही सीमेवर आहात. दोन-तीन शब्दांवर अडलात तर सीमा ओलांडली. उलट, म्हणता म्हणता चाल लावून गाता येत असेल, तर वेग कमी आहे. अर्थात सुरुवातीच्या काही आठवड्यांत तोही उत्तम.

गाता येण्याच्या वेगाची आपल्याकडे फार जुनी परंपरा आहे. दिंडी अभंग म्हणत चालते. टाळ, मृदंग आणि गळा सांभाळून दिवसामागून दिवस चालायचं तर वेग आपोआप त्या श्वासाला धरून राहतो. ज्या तापीच्या काठावर कामरेज आहे, त्याच तापीकाठच्या मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईंची पालखी दर वर्षी पंढरपूरला निघते आणि महिन्याहून अधिक काळ चालते. त्या वाटेवर साठी ओलांडलेल्या बायका असतात. आयुष्यात कधी व्यायामशाळा न पाहिलेली ही माणसं एवढं अंतर कापतात, कारण त्यांचा वेग त्यांच्या गळ्यानं बांधलेला असतो. ट्रेडमिलवर नवख्या माणसानं पहिला महिना तोच वेग धरावा असं मला मनापासून वाटतं.

आता प्रत्यक्ष कृती. जेवणानंतर किमान दोन तासांनी, पंखा सुरू ठेवून, झोप नीट झालेल्या दिवशी ही चाचणी करा. त्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मनगटावरची नाडी पूर्ण एक मिनिट मोजून लिहून ठेवा. पट्ट्यावर चढताना त्याच्या दोन्ही बाजूंच्या स्थिर कडांवर पाय ठेवून उभे राहा, लाल दोरीची चिमटी कपड्याला लावा, मग यंत्र सुरू करा. पहिल्यांदाच चढणाऱ्यानं चाचणीच्या आधी दोन-तीन दिवस नुसतंच दहा-दहा मिनिटं सावकाश चालून घ्यावं. सरकत्या पट्ट्याची सवय नसते तेव्हा पावलं आखूड पडतात, अंग आखडतं आणि कमी वेगही जास्त वाटतो. त्या अवस्थेत काढलेला आकडा कामाचा नसतो.

सुरुवात ताशी ३ किलोमीटरपासून करा, चढ शून्य. तीन मिनिटं चाला. तिसऱ्या मिनिटाच्या शेवटी भीमरूपीचे दोन श्लोक मोठ्यानं म्हणा, नाडी पाहा, लिहा. मग वेग अर्ध्या किलोमीटरनं वाढवा. पुन्हा तीन मिनिटं, पुन्हा श्लोक, पुन्हा नाडी. ज्या पायरीवर श्लोक पहिल्यांदा अडखळतो तिथं चाचणी संपली. तिच्या आधीची पायरी हा तुमचा वेग. वेग हळूहळू उतरवत पाचेक मिनिटांनी थांबा. एकदम उतरलात तर पायांत साचलेलं रक्त वर यायला वेळ लागतो आणि चक्कर येते.

समजा, ४५ वर्षांची एक शिक्षिका आहे आणि तिची सकाळची नाडी ७६ आहे. ३ किलोमीटरला तिचे ठोके ९६ झाले, ४ ला १०६, ५ ला १२०, साडेपाचला १२९. तिथवर श्लोक नीट झाले. ६ ला ठोके १४१ वर गेले आणि दुसऱ्या ओळीतच दम लागला. तिचा वेग साडेपाच. हे आकडे आता एका हिशोबाशी ताडून पाहता येतात. फिनलंडच्या कार्व्होनेन यांनी १९५७ मध्ये मांडलेली रीत अशी: कमाल ठोक्यांतून विश्रांतीचे ठोके वजा करा, त्या फरकाचे ४० ते ६० टक्के काढा आणि त्यात विश्रांतीचे ठोके पुन्हा मिळवा. कमाल ठोके म्हणजे २२० वजा वय, असं सर्रास धरतात, इथं १७५. फरक ९९. म्हणजे मध्यम श्रमाची तिची पट्टी साधारण ११६ ते १३५ ठोक्यांची. श्लोकानं दिलेला आकडा नेमका त्यात बसला.

नेहमी असा बसेलच असं नाही, आणि न बसल्यास मी श्लोकाच्या बाजूनं उभा राहीन. २२० वजा वय हे सूत्र १९७० च्या सुमारास काही उपलब्ध माहितीवरून काढलेली ढोबळ रेषा होती. २००१ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी बरीच जास्त माणसं विचारात घेऊन दुसरं सूत्र दिलं: २०८ वजा वयाचे सात-दशांश. चाळिशीला दोन्ही सूत्रं १८० हाच आकडा देतात. साठीला पहिलं १६० सांगतं, दुसरं १६६. पण कोणतंही सूत्र घेतलं तरी एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. मनगटावरच्या घड्याळात लाल रंग दिसला म्हणून घाबरणारा आणि हिरवा दिसतो म्हणून धापा टाकत पळणारा, दोघंही एका सरासरीवर विश्वास ठेवत असतात.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांत फार वेळा आढळते. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशा गोळ्या चालू असतील, तर त्या ठोक्यांना नेहमीइतकं वर जाऊ देत नाहीत. अशा माणसानं ठोक्यांच्या सूत्रामागे लागून वेग वाढवत राहणं धोक्याचं आहे. त्याच्यासाठी श्वास हाच मापक, आणि आधी डॉक्टरांशी बोलणं आवश्यक.

डॉक्टरांचा विषय निघाला आहे तर तो इथंच पुरा करू. विनोदी कलाकार राजू श्रीवास्तव १० ऑगस्ट २०२२ रोजी दिल्लीतल्या जिममध्ये ट्रेडमिलवर असताना कोसळले आणि २१ सप्टेंबरला त्यांचं निधन झालं. त्या बातमीनंतर पुष्कळ घरांत पट्ट्याची धास्ती बसली. धास्ती समजण्यासारखी आहे, पण तिचा रोख चुकतो. बावन्न देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतर ठिकाणी ५९ च्या आसपास. म्हणजे आपल्याकडे रक्तवाहिन्यांचा आजार लवकर सुरू होतो आणि नियमित, मध्यम चालणं हा त्यावरच्या उपायांपैकी एक आहे. धोका वाढतो तो बसून राहिलेल्या शरीराला एकाएकी जोरात पळवल्यानं. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा तंबाखू, घरात कमी वयात कोणाला झटका, यांपैकी काही असेल आणि तुम्ही चाळिशी ओलांडली असेल, तर चाचणीआधी तपासणी करून घ्या. पट्ट्यावर छातीत दडपण आलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, गरगरलं, ठोके अडखळले, तर त्याच क्षणी थांबा. आराम पडतो का पाहू, असा विचार न करता १०८ ला फोन करा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी आणि उपवासाच्या दिवशी चाचणी करू नये.

वेगाच्या आकड्याबद्दल मी इतका वेळ बोलतो आहे, पण यंत्र दाखवतं तो आकडा खरा असतोच असं नाही. सोसायटीच्या जिममधली मशीन वर्षानुवर्षं कोणी तपासत नाही. पट्टा सैल पडतो, वजनदार माणूस चढला की मोटर दमते. तपासायचं असेल तर कृती सोपी आहे. यंत्र बंद असताना खडूनं पट्ट्यावर खूण करा, पट्टा हातानं सरकवत त्याची पूर्ण लांबी टेपनं मोजा. समजा ती ३ मीटर भरली. आता कोणी तरी पट्ट्यावर चालत असताना आकडा ५ वर ठेवा आणि बाजूला उभं राहून खूण मिनिटात किती वेळा वर येते ते मोजा. ताशी ५ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ८३ मीटर. खूण जवळजवळ २८ वेळा दिसायला हवी. २५ वेळाच दिसली तर खरा वेग साडेचार आहे. आणखी एक सापळा मैलांचा. काही मशीन मैलांवर लावलेल्या असतात. तिथं ५ म्हणजे आपले ८ किलोमीटर, आणि चालायला आलेला माणूस धावू लागतो. म्हणूनच दुसऱ्या जिममध्ये गेल्यावर जुना आकडा तसाच वापरू नये. पायऱ्यांची चाचणी पुन्हा करावी.

उंचीचाही विचार करा. एकाच वेगाला आखूड पायांच्या माणसाला जास्त पावलं टाकावी लागतात आणि त्याचं चालणं लवकर धावण्यात बदलतं. जहाजांच्या अभ्यासासाठी विल्यम फ्रूड यांनी काढलेलं एक गुणोत्तर प्राणिशास्त्रज्ञ मॅकनील अलेक्झांडर यांनी चालण्याला लावलं. त्या हिशोबानं ९० सेंटिमीटर लांब पायांचा माणूस ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास चालण्यातून धावण्यात जातो, तर ७५ सेंटिमीटर पायांची व्यक्ती सातच्या थोडं आधी. नवरा-बायकोनं शेजारीशेजारी एकच आकडा लावून चालणं म्हणून बरोबर नाही. साडेसहा ते साडेसातचा हा पट्टा तसा अवघडच. धड चालणं नाही, धड धावणं नाही, आणि नडग्या दुखू लागतात. या पट्ट्यात रेंगाळण्यापेक्षा खाली राहावं किंवा खरोखर तयारी झाली असेल तर हळू धावावं.

पण खाली राहूनही मेहनत वाढवता येते, आणि या प्रकरणातला माझा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा हा आहे. कामरेज सपाट आहे. पुण्याच्या माणसाला पर्वती आहे, साताऱ्याच्या माणसाला अजिंक्यतारा. तापीच्या या मैदानात नदीच्या काठाचा उतार आणि महामार्गावरचे उड्डाणपूल सोडले तर चढ असा नाहीच. ट्रेडमिलवर मात्र तो बोटाशी असतो आणि बहुतेक जण त्या बटणाला हातच लावत नाहीत. व्यायामशास्त्रात श्रम मोजण्यासाठी मेट हे एकक वापरतात. शांत बसलेल्या शरीराचा प्राणवायूचा खर्च म्हणजे १ मेट. ताशी ५ किलोमीटरनं सपाटीवर चालण्याला साधारण साडेतीन मेट लागतात. वेग ६ केला तर चार. आता वेग ५ च ठेवा आणि ५ टक्के चढ द्या: साडेपाच मेट. वेगात एक किलोमीटरची भर टाकून जे मिळत नाही ते त्या चढानं मिळतं. त्यातच गुडघ्यांचा फायदा आहे. चालताना पाय टेकतो तेव्हा जमिनीकडून येणारा रेटा शरीराच्या वजनापेक्षा थोडाच जास्त असतो. धावताना तो वजनाच्या दुप्पट ते तिप्पट जातो. पन्नाशीच्या, जरा वजन वाढलेल्या माणसाला आठच्या वेगानं धावायला लावण्यापेक्षा पाचच्या वेगानं चढ चढू द्यावा. पोटऱ्या दोन आठवडे कुरकुरतात, मग सरावतात. टाचेला किंवा टाचेमागच्या शिरेला आधीच दुखणं असेल तर चढ दोन टक्क्यांच्या आत ठेवावा.

चढाचा सगळा फायदा घालवणारी एक सवय आहे, दांडी पकडण्याची. दहा टक्के चढ लावून, दांडीला लटकून, मागे झुकून चालणारे लोक प्रत्येक जिममध्ये दिसतात. शरीर मागे कललं की ते पट्ट्याशी पुन्हा काटकोनात येतं, हातांनी वजन पेललं जातं, आणि पायांना चढ जवळजवळ लागतच नाही. यंत्र मात्र पूर्ण चढाचे उष्मांक मोजत राहतं. ज्या वेगाला किंवा चढाला दांडी सोडता येत नाही तो तुमचा नाही, खाली या. तोल जात असेल, वय झालं असेल तर दांडीवर बोटं नुसती टेकवा.

धावणाऱ्यांना नेहमी सांगितलं जातं की चढ एक टक्का ठेवा, म्हणजे बाहेरच्यासारखं होतं. तो सल्ला १९९६ मधल्या जोन्स आणि डौस्ट यांच्या अभ्यासातून आला. तिथं ताशी साडेदहा ते अठरा किलोमीटर वेगानं पळणारे तरबेज धावपटू होते. त्या वेगाला बाहेर वाऱ्याचा अडथळा जाणवतो, पट्ट्यावर तो नसतो, म्हणून ही भरपाई. पाच-सहानं चालणाऱ्याला त्याची गरज नाही.

वेग सापडल्यावर आठवड्याला किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम सांगितले आहेत. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस म्हटलं की खालची मर्यादा गाठली. कारखान्यातून उशिरा सुटणाऱ्यानं दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले तरी चालतात. तुमचा वेग मध्यम श्रमाचा आहे का, याची आणखी एक साधी खूण पावलांत आहे: मिनिटाला शंभर पावलं. दहा सेकंदांत सोळा-सतरा. त्याहून कमी पडत असतील तर तो फेरफटका आहे.

एकच वेग रोज धरून कंटाळा येतो आणि काही आठवड्यांनी शरीरही त्यात नवं शिकत नाही. तेव्हा जपानमधली एक रीत उपयोगी पडते. मात्सुमोतोच्या शिनशू विद्यापीठात हिरोशी नोसे आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन आणि वृद्ध माणसांना तीन मिनिटं जोरात, तीन मिनिटं सावकाश, अशा पाच फेऱ्या आठवड्यातून चार दिवस चालायला लावल्या. पाच महिन्यांनी त्यांच्या मांड्यांची ताकद आणि दमसास वाढला, रक्तदाब उतरला. एकाच मध्यम वेगानं चालणाऱ्यांत एवढा फरक पडला नाही. आपल्या शिक्षिकेच्या भाषेत सांगायचं तर तीन मिनिटं ६ वर, जिथं श्लोक अडखळतो, आणि तीन मिनिटं ४ वर, जिथं तो गाता येतो. पण हे दीड-दोन महिने साधं चालून झाल्यावरच.

वाढ करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी वेळ वाढवा, अर्ध्या तासापर्यंत. मग चढ, आठवड्याला एखादा टक्का. वेग सगळ्यात शेवटी. सहा आठवड्यांनी पुन्हा पायऱ्यांची चाचणी केली की पहिल्या वेळचा कागद शेजारी ठेवा. आपल्या शिक्षिकेला त्याच साडेपाचला १२९ ऐवजी, समजा, १२० ठोके दिसतील, श्लोक ६ वरही सरळ जाईल. हृदय आता एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं आहे, याचा तो पुरावा.

इथल्या हवेमुळं दोन चाचण्यांची तुलना जपून करावी लागते. दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि अंग थंड होतं ते घाम वाळल्यानं. मग शरीर उष्णता बाहेर टाकायला जास्त रक्त त्वचेकडे पाठवतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि तोच वेग असताना विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला ठोके दहा-पंधरानं वर सरकतात. जुलैत बंद खोलीत काढलेला आकडा जानेवारीतल्या आकड्याशी जुळणार नाही. पावसाळ्यात वेग अर्ध्या किलोमीटरनं उतरवणं हा शहाणपणा आहे. पंखा समोरून घ्या, पाणी जवळ ठेवा.

आणि दिवाळी. हिऱ्यांचे कारखाने बंद होतात, अर्धं कामरेज सौराष्ट्रात गावी जातं, खानदेशी कुटुंबं तापीच्या वरच्या अंगाला. दोन-तीन आठवडे पट्ट्याला पाय लागत नाही. रक्तातला द्रवभाग काही दिवसांतच कमी होऊ लागतो आणि तीन आठवड्यांत दमसास जाणवण्याइतका उतरतो. परत आल्यावर पहिल्या दिवशी जुन्या वेगाच्या एक किलोमीटर खालून सुरुवात करा, चढ शून्यावर आणा, आणि आठवडाभर तिथंच राहा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी बहुतेकांना जुनी पायरी परत मिळते.